बंद दाराआड खेळलेला सामना : जॉन मॅकलेंडन सरांची कारकीर्द



‘पीटीचे सर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? गळ्यात शिट्टी, हातात हजेरीवही, पंधरा ऑगस्टच्या संचलनाची तयारी. बाकी वर्षभर वेळापत्रकात खेळाचा तास असतो, पण गणिताचा किंवा इंग्रजीचा धडा मागे पडला की पहिला बळी याच तासाचा जातो. जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांत तर क्रीडाशिक्षकाचं वेगळं पदच नसतं. वर्गशिक्षकच चेंडू काढून देतात आणि तेच गोळा करतात.

आजच्या लेखात अशाच एका ‘पीटीच्या सरां’ची ओळख करून घेऊ. हे सर अमेरिकेतले. त्यांची बहुतेक नोकरी लहान, गरीब, फारशी कुणाला माहीत नसलेल्या महाविद्यालयांत गेली. विषय बास्केटबॉल. नाव जॉन मॅकलेंडन. सिद्धेश्वरसारख्या गावात बसून एवढ्या लांबच्या माणसाबद्दल वाचायचं कशाला, असं कुणी विचारेल. लेख संपेपर्यंत त्याचं उत्तर मिळेल असं वाटतं, कारण हा प्रश्न खेळापुरता नाही. मैदानावर कोण उतरणार आणि कोण काठावर बसणार, हे ठरवतं कोण, असा तो प्रश्न आहे.

आधी खेळाविषयी थोडं

बास्केटबॉल हा खेळ एका शिक्षकाच्या अडचणीतून जन्माला आला. साल १८९१, महिना डिसेंबर. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावात वायएमसीए या संस्थेची शिक्षक घडवणारी शाळा होती. बाहेर कडाक्याची थंडी, त्यामुळे मैदानी खेळ बंद. व्यायामशाळेत त्याच त्या कवायती करून अठरा मुलांचा एक वर्ग कंटाळला होता आणि शिक्षकांना जुमानत नव्हता. आधीच्या शिक्षकांनी हात टेकले होते. मग विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी जेम्स नेस्मिथ या तरुण शिक्षकाला चौदा दिवसांची मुदत दिली आणि छताखाली खेळता येईल असा नवा खेळ शोधायला सांगितलं.

नेस्मिथ यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला दोन्ही टोकांना पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या. सज्जाची उंची दहा फूट होती, म्हणून आजही रिंगची उंची दहा फूटच, म्हणजे ३.०५ मीटर आहे. नियम लिहिले तेरा. चेंडू हातात घेऊन पळायचं नाही, धक्काबुक्की करायची नाही, हे त्यातले मुख्य. टोपलीचा तळ कापलेला नव्हता, त्यामुळे गोल झाला की दरवेळी चेंडू वरून काढावा लागे!

वायएमसीएमुळेच हा खेळ जगभर गेला. भारतात शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणारं वायएमसीएचं महाविद्यालय मद्रासला १९२० साली निघालं. ते काढणारे हॅरी बक हे स्प्रिंगफील्डमध्येच शिकलेले. म्हणजे आपल्याकडच्या ‘पीटी’च्या तासाचं मूळही काही अंशी त्याच व्यायामशाळेत जातं.

नेस्मिथ पुढे १८९८ साली कॅन्सस विद्यापीठात गेले आणि तिथल्या बास्केटबॉल संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. आता गंमत बघा. ज्यांनी खेळ शोधला, त्यांच्या संघाचे विजय ५५ आणि पराभव ६०! त्या विद्यापीठाच्या बास्केटबॉलच्या इतिहासात जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने जास्त असलेले ते एकटेच प्रशिक्षक. पण याच ‘हरलेल्या’ सरांच्या हाताखाली आपले मॅकलेंडन शिकले. शिक्षकाचं मोजमाप फक्त निकालाच्या टक्क्यांवर करणाऱ्यांनी ही नोंद डायरीत लिहून ठेवावी.

वडिलांचं सांगणं

जॉन मॅकलेंडन यांचा जन्म ५ एप्रिल १९१५ चा, कॅन्सस राज्यातल्या हायवाथा गावचा. ते कृष्णवर्णीय होते. त्या काळच्या अमेरिकेत याचा अर्थ वेगळी शाळा, वेगळं हॉटेल, बसमध्ये मागची जागा. दक्षिणेकडच्या राज्यांत तसे कायदेच होते. इतरत्र कायदा नसला तरी रीत होतीच.

१९३३ मध्ये ते कॅन्सस विद्यापीठात दाखल झाले. वडिलांना एवढंच कळलं होतं की बास्केटबॉल शोधणारे गृहस्थ तिथं शिकवतात. त्यांनी मुलाला सांगितलं, जा आणि तेच तुझे मार्गदर्शक आहेत असं त्यांना सांग. मुलगा खरोखरच नेस्मिथ यांच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, तुम्ही माझे मार्गदर्शक आहात, असं वडिलांनी सांगितलंय. नेस्मिथ सरांनीही आढेवेढे न घेता ते मान्य केलं.

पालकांनी इथं क्षणभर थांबावं. या वडिलांनी मुलासाठी ओळख काढली नाही की चिठ्ठी दिली नाही. योग्य गुरू कोण ते शोधलं आणि त्याच्या दारापर्यंत जायची हिंमत मुलाला दिली.

पण गुरू मिळाले तरी मैदान मिळालं नाही. विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश नव्हता. ज्या खेळाचा जनक शिकवतोय, तो खेळ त्याच विद्यापीठाकडून खेळण्याचा हक्क त्याच्या विद्यार्थ्याला नाही. मॅकलेंडन यांनी मग खेळाडू म्हणून न मिळालेली जागा शिक्षक म्हणून घ्यायचं ठरवलं. ते नेस्मिथ सरांबरोबर मुलांचा खेळ बघायचे. मुलं चेंडू जिथं असेल तिथं धावतात, मैदानाचा कोणताही कोपरा त्यांना वर्ज्य नसतो, आणि हा खेळ तसाच खेळायचा असतो, हे सूत्र तिथंच त्यांच्या हाती लागलं. त्याचा उपयोग पुढे येणार आहे.

रिकामा केलेला तलाव

शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी पोहणं येणं सक्तीचं होतं. आता अडचण आली. विद्यापीठाच्या तलावात कृष्णवर्णीय विद्यार्थी उतरत नसे. त्यावर तोडगा असा निघाला, की मॅकलेंडन यांनी पाण्यात उतरूच नये, त्यांना त्या विषयात वरची श्रेणी तशीच देऊन टाकू.

फुकटचे गुण! आपल्यापैकी किती जण नाही म्हणाले असते? मॅकलेंडन यांनी नाही म्हटलं. ते तलावावर गेले आणि पोहले. त्यानंतर तो तलाव रिकामा करण्यात आला. एक माणूस पोहला म्हणून सगळं पाणी सोडून दिलं.

हे वाचताना मराठी माणसाला महाड आठवणारच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि त्यानंतर काही लोकांनी त्या तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं. महाड आणि कॅन्सस यांच्यात सात समुद्रांचं अंतर, पण दोन्हीकडच्या माणसांच्या मनातली भीती एकच. पाणी ना महाडचं बाटलं होतं, ना कॅन्ससचं.

मॅकलेंडन तिथंच थांबले नाहीत. तलाव सर्वांसाठी खुला व्हावा म्हणून त्यांनी प्रयत्न चालू ठेवले, नेस्मिथ सर पाठीशी राहिले आणि शेवटी तो खुला झाला. १९३६ मध्ये ते पदवीधर झाले. कॅन्सस विद्यापीठातून शारीरिक शिक्षणाची पदवी घेणारे ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. पुढच्याच वर्षी आयोवा विद्यापीठातून त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळवली.

लहान महाविद्यालय, मोठा अभ्यास

१९३७ मध्ये मॅकलेंडन नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डरहॅम गावी आले. तिथं कृष्णवर्णीयांसाठीचं एक छोटं महाविद्यालय होतं. आज त्याचं नाव नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल विद्यापीठ आहे. आधी ते साहाय्यक होते, १९४० पासून मुख्य प्रशिक्षक झाले आणि १९५२ पर्यंत तिथंच राहिले.

त्यांनी तिथं काय शिकवलं, हे समजण्यासाठी त्या काळचा खेळ कसा होता ते बघू. त्या वेळी बास्केटबॉल बराच संथ असे. संघ चेंडू हळूहळू पुढे नेत, एकमेकांना पास देत, मोका बघत. आज ज्या संघाकडे चेंडू आहे त्याला २४ सेकंदांच्या आत रिंगकडे फेक करावीच लागते. तेव्हा अशी घड्याळाची सक्ती नव्हती.

मॅकलेंडन सरांनी दोन गोष्टींवर भर दिला.

पहिली ‘फास्ट ब्रेक’. समोरच्या संघाची फेक हुकली आणि चेंडू आपल्या हाती आला, की त्याच क्षणी तिघा-चौघांनी ठरलेल्या वाटांनी समोरच्या रिंगकडे धाव घ्यायची. समोरचे बचावासाठी मागे फिरेपर्यंत गोल झालेला असतो. बघणाऱ्याला हा गोंधळ वाटतो. प्रत्यक्षात कुणी मधून धावायचं, कुणी कडेनं, पास कुठं मिळणार, हे सगळं सरावात शंभर वेळा घोटलेलं असतं.

दुसरी ‘फुल कोर्ट प्रेस’, म्हणजे पूर्ण मैदानभर दडपण. कबड्डीशी तुलना करून बघा. कबड्डीत चढाई करणारा मध्यरेषा ओलांडून आपल्या अंगणात आल्यावर आपण त्याला घेरतो. बास्केटबॉलमध्येही पूर्वी बचाव करणारे आपल्या अर्ध्या भागात जाऊन वाट बघत. सरांच्या संघानं वाट बघणं सोडलं. समोरच्यानं चेंडू हातात घेतला की तिथंच, त्याच्याच रिंगखाली त्याला घेरायचं. चेंडू जिथं, खेळ तिथं. नेस्मिथ सरांबरोबर बघितलेला मुलांचा खेळच त्यांनी शास्त्रशुद्ध केला.

यासाठी दम लागतो. म्हणून सर आपल्या खेळाडूंना हंगाम सुरू होण्याआधी लांब पल्ल्याचं पळायला लावत. समोरचा संघ उत्तरार्धात धापा टाकायला लागायचा तेव्हा यांची मुलं आणखी वेगात पळत. उंची जन्मानं मिळते, दम कमवावा लागतो. ज्या महाविद्यालयाकडे पैसे कमी, त्याच्या प्रशिक्षकाला कमावता येण्याजोग्या गोष्टींवरच भर देणं भाग असतं. आपल्या शाळांनाही हे लागू पडतं की नाही?

आणखी एक. आघाडी मिळाल्यावर चेंडू राखून ठेवण्यासाठी खेळाडूंना मैदानाच्या कोपऱ्यांत पसरवायचं, ही युक्तीही त्यांनी वापरली. पुढे ती दुसऱ्या नामवंत प्रशिक्षकांच्या नावानं गाजली.

रविवारची सकाळ, १२ मार्च १९४४

आता या कारकिर्दीतल्या सगळ्यात धाडसी प्रसंगाकडे येऊ.

१९४४ सालचा डरहॅमचा हंगाम उत्तम गेला होता. संघ फक्त एकच सामना हरला होता. पण राष्ट्रीय स्पर्धांत कृष्णवर्णीय महाविद्यालयांना प्रवेश नव्हता. त्यामुळे आपण नक्की किती चांगले आहोत हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. त्याच गावात श्रीमंत ड्यूक विद्यापीठ होतं. तिथल्या वैद्यकीय शाखेत लष्करी योजनेखाली शिकणाऱ्या मुलांचा एक दमदार संघ होता. त्यातले काही जण आधी मोठ्या विद्यापीठांकडून खेळलेले. दोन्हीकडचे काही विद्यार्थी वायएमसीएच्या प्रार्थनासभांत एकमेकांना भेटत. तिथं बोलता बोलता विषय निघाला, भारी कोण? आणि आव्हान दिलं गेलं.

हे आव्हान स्वीकारणं म्हणजे कायदा आणि रीत दोन्ही मोडणं. धोका किती होता ते एका घटनेवरून कळेल. त्याच वर्षी जुलै महिन्यात, याच डरहॅम गावात, बसमध्ये मागे जाऊन बसण्यावरून वाद झाला आणि चालकानं एका कृष्णवर्णीय सैनिकाला गोळी घालून ठार केलं. चालक कोर्टातून निर्दोष सुटला. अशा गावात गोऱ्या आणि काळ्या मुलांचा सामना भरवायचा होता.

सरांनी वेळ निवडली ती रविवार सकाळची. त्या वेळी सगळं गाव, पोलिसांसह, चर्चमध्ये असे. ड्यूकची मुलं उसन्या गाड्यांतून आडवाटेनं आली आणि उतरताना अंगावरची जाकिटं डोक्यावर ओढून व्यायामशाळेत शिरली. आत आल्यावर दाराला कुलूप लागलं. प्रेक्षक नाहीत. काही विद्यार्थ्यांना कुणकुण लागली, ते खिडक्यांवर चढून बघत राहिले. पंच होता, घड्याळ होतं, गुणफलक होता.

सुरुवातीला दोन्ही संघ बावरलेले. सोप्या फेकी हुकत होत्या. या मुलांनी आजवर गोऱ्या मुलांना हात लावून खेळणं कधी केलंच नव्हतं. मग सरांच्या मुलांना आपली लय सापडली आणि फास्ट ब्रेक सुरू झाला. सामना संपला तेव्हा गुण होते ८८ विरुद्ध ४४. बरोबर दुप्पट.

पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे. थोडी विश्रांती झाल्यावर त्या मुलांनी पुन्हा खेळायचं ठरवलं आणि या वेळी संघ मिसळून घेतले. एका बाजूला सदरे घातलेले, दुसऱ्या बाजूला उघड्या अंगाचे, आणि दोन्हीकडे काळे-गोरे एकत्र. आपल्या गल्लीत मुलं ‘तू इकडं ये, तू तिकडं जा’ म्हणत गडी वाटून घेतात, अगदी तसं. पहिल्या सामन्यानं श्रेष्ठ कोण ते ठरलं. दुसऱ्या सामन्यात ते ठरवायची गरजच उरली नाही.

हा सामना कुठंही छापून आला नाही. गावातल्या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्राच्या बातमीदाराला तो कळला होता, पण त्यानंही मौन पाळलं, कारण बातमी म्हणजे मुलांच्या जिवाला धोका. स्कॉट एल्सवर्थ या इतिहासकारानं १९९६ मध्ये ती हकिकत प्रसिद्ध केली, तेव्हा बावन्न वर्षं उलटली होती. केलेलं काम जगाला सांगायची एवढी घाई असलेल्या आजच्या दिवसांत, अर्ध्या शतकाचं हे मौन समजून घेण्यासारखं आहे.

लहान महाविद्यालयांची स्पर्धा आणि हॉटेलचा प्रश्न

अमेरिकेत लहान महाविद्यालयांची एक वेगळी राष्ट्रीय स्पर्धा होती. १९३७ पासून ती कॅन्सस सिटी शहरात भरे आणि तिच्या उभारणीत नेस्मिथ सरांचाही हात होता. पण कृष्णवर्णीय खेळाडूंना तिथंही बंदी होती.

ही बंदी उठण्यामागे एका शिक्षक महाविद्यालयाचा वाटा आहे. जॉन वूडन हे पुढे जगप्रसिद्ध झालेले प्रशिक्षक. त्याआधी ते हायस्कूलात इंग्रजी शिकवत आणि १९४६ ते १९४८ या काळात इंडियाना राज्यातल्या शिक्षक महाविद्यालयाच्या संघाचे प्रशिक्षक होते. १९४७ मध्ये त्यांच्या संघाला या स्पर्धेचं निमंत्रण आलं. संघातल्या क्लॅरेन्स वॉकर या कृष्णवर्णीय मुलाला मात्र खेळता येणार नव्हतं. वूडन यांनी निमंत्रणच नाकारलं. पुढच्या वर्षी नियम बदलला, संघ गेला आणि वॉकर त्या स्पर्धेत खेळला. एका राखीव खेळाडूसाठी अख्ख्या संघानं राष्ट्रीय स्पर्धा सोडली होती!

तरी कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांना दार उघडायला आणखी पाच वर्षं गेली. त्यासाठी अर्ज, पत्रं, बैठका यांचा पाठपुरावा करणाऱ्यांत मॅकलेंडन आघाडीवर होते. १९५४ मध्ये ते टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल इथल्या महाविद्यालयात गेले. कॅन्सस सिटीच्या स्पर्धेचं बोलावणं आलं तेव्हा त्यांनी अट घातली, की आमची मुलं इतर संघांसारखीच शहरातल्या हॉटेलात उतरतील आणि तिथंच जेवतील, तरच येऊ. मैदानावर बरोबरी आणि जेवायला मागच्या दारानं, हे त्यांना मान्य नव्हतं. अट मान्य झाली.

इथं आपल्या पळवणकर बाळूंची आठवण होते. शंभर वर्षांपूर्वी त्यांच्या फिरकीपुढे भलेभले फलंदाज नांगी टाकत. मैदानावर चेंडू सगळे त्यांच्याकडून घेत, पण चहाच्या सुट्टीत त्यांना चहा मिळे तो बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. मॅकलेंडन यांची अट नेमकी याच ‘चहाच्या सुट्टी’बद्दल होती.

आणि मग निकाल आला. १९५७, १९५८ आणि १९५९. सलग तीन वर्षं नॅशव्हिलच्या संघानं ती राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. सर्वांना खुल्या असलेल्या राष्ट्रीय स्पर्धेत कृष्णवर्णीय महाविद्यालयाचं ते पहिलंच अजिंक्यपद. आणि लागोपाठ तीन राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवणारे पहिले महाविद्यालयीन प्रशिक्षक म्हणजे मॅकलेंडन.

चढ-उतार

यानंतर सगळं सुरळीत झालं, असं मात्र नाही. १९५९ मध्ये ते क्लीव्हलँडच्या एका संघाचे प्रशिक्षक झाले. १९६१ मध्ये तो संघ व्यावसायिक लीगमध्ये उतरला आणि अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधले पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक अशी त्यांची नोंद झाली. पण खेळाडूंच्या पगारावरून संघमालकाशी वाद झाला आणि हंगामाच्या मध्येच त्यांनी राजीनामा दिला. मोठं पद हातात असताना मुलांच्या पैशांसाठी ते सोडलं.

मग पुन्हा लहान महाविद्यालय, केंटकीमधलं. १९६६ मध्ये क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठानं त्यांना बोलावलं. जिथं बहुसंख्य विद्यार्थी गोरे आहेत अशा विद्यापीठाचे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक झाले. १९६९ मध्ये डेन्व्हरच्या व्यावसायिक संघाकडे गेले, तिथं हंगाम पुरा होण्याआधीच पद गेलं. १९६८ आणि १९७२ च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या प्रशिक्षक-गटात ते होते. १९६५ साली फास्ट ब्रेकवर त्यांचं पुस्तकही आलं. जे स्वतःला येतं ते लिहून ठेवायचं, ही शिक्षकाची सवय.

नेस्मिथ सरांच्या नावानं स्प्रिंगफील्डला बास्केटबॉलचं सन्मानदालन आहे. तिथं १९७९ मध्ये मॅकलेंडन यांचं नाव लागलं, पण ते ‘खेळाला हातभार लावणारे’ या गटात. प्रशिक्षक म्हणून त्यांची निवड झाली ती २०१६ मध्ये. ८ ऑक्टोबर १९९९ रोजी सर वारले होते. सन्मान सतरा वर्षं उशिरा पोचला.

या गोष्टीचं शेवटचं पान एका विद्यार्थ्यानं लिहिलं. नॅशव्हिलच्या त्या तीन वर्षांच्या संघातला डिक बार्नेट पुढे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक संघाकडून खेळला, दोनदा अजिंक्यपद जिंकला. खेळ संपल्यावर शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट घेऊन महाविद्यालयात शिकवू लागला. आपल्या सरांच्या त्या संघाची दखल घेतली जावी म्हणून त्यानं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०१९ मध्ये तो संपूर्ण संघ सन्मानदालनात गेला. तेव्हा बार्नेट ऐंशीच्या पुढे होते. गुरुदक्षिणा अशीही असते.

देऊळ फिरलं, ते कुणासाठी?

आपल्या औंढ्याच्या नागनाथाची आख्यायिका इथल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. नामदेव महाराजांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. आपण ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगतो. वर्गात सांगताना मात्र एक प्रश्न जरूर विचारावा : नामदेवांना मागे पाठवलं कुणी, आणि का?

मॅकलेंडन सरांसाठी कोणतंही देऊळ आपोआप फिरलं नाही. त्यांना ते एकेक वीट सरकवून फिरवावं लागलं. कधी तलावात उतरून, कधी दाराला कुलूप लावून, कधी हॉटेलची अट घालून. प्रत्येक वेळी साधन एकच, आपला विषय नीट शिकवणं. मुलं तयार नसती तर ८८ विरुद्ध ४४ झालं नसतं आणि तीन अजिंक्यपदंही आली नसती. हक्क मागताना तयारीही पूर्ण असली पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं. हक्क मात्र तयारीचं बक्षीस नसतो, हेही तितकंच खरं. हरणाऱ्या संघालाही त्याच हॉटेलात जेवायचा हक्क होता.

आता आपल्या मैदानाकडे बघू. आपल्याकडे कुणाला कायद्यानं बंदी नाही. तरीही काही मुलं काठावर बसलेली असतातच. सातवी-आठवीनंतर मुली हळूहळू मैदानावरून कमी होतात. ऊसतोडीला आईवडिलांबरोबर गेलेलं मूल परत येतं तेव्हा संघ ठरलेला असतो. गडी वाटून घेताना एखादं नाव दर वेळी शेवटीच पुकारलं जातं. एखाद्याच्या पायात बूट नसतात. त्यांना कुणी ‘खेळू नको’ म्हणत नाही, पण ‘ये’ असंही कुणी म्हणत नाही. त्या मुलाच्या दृष्टीनं दोन्हींत फार फरक नसतो.

शाळेत करता येण्याजोगं

१. खेळाचा तास दुसऱ्या विषयाला देऊ नये. द्यावाच लागला तर त्याच आठवड्यात परत करावा.

२. गडी वाटण्याचं काम दरवेळी त्याच दोन कप्तानांकडे ठेवू नये. चिठ्ठ्या टाकाव्यात किंवा हजेरी क्रमांकानं संघ पाडावेत. सामना झाल्यावर संघ मिसळून पुन्हा एकदा खेळावं.

३. रिंग नसली तरी चालतं. भिंतीवर दहा फुटांवर खडूनं चौकोन आखून नेम धरता येतो. लहान मुलांसाठी उंची कमी ठेवावी. नेस्मिथ सरांकडे तरी काय होतं? फळांच्या टोपल्या.

४. काठावर बसणाऱ्या मुलांची नावं महिनाभर वहीत टिपावीत. तीच तीच नावं येत असतील तर त्यांच्या पालकांशी बोलावं.

५. पालकांनी मुलाला ‘आज किती गुण पडले’ विचारतो तसं ‘आज काय खेळलास, कुणाबरोबर खेळलास’ हेही विचारावं.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न (इयत्ता सातवी ते दहावी)

१. न पोहता मिळणारी श्रेणी मॅकलेंडन यांनी का नाकारली असेल? तुम्ही काय केलं असतं?

२. महाडचा सत्याग्रह आणि कॅन्ससचा तलाव यांतली साम्यं आणि फरक लिहा.

३. १९४४ च्या सामन्यातला पहिला डाव महत्त्वाचा की दुसरा? तुमचं मत कारणांसह मांडा.

४. आपल्या वर्गात गडी वाटून घेण्याची पद्धत कोणती आहे? ती सर्वांना न्याय देते का? नसेल तर नवीन नियम तयार करा. नेस्मिथ सरांनी तेरा नियम लिहिले होते, तुम्ही पाच लिहा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरं मुलांकडून कागदावर घ्या आणि सूचना फलकावर लावा. पुढच्या शनिवारी मैदानावर त्याच नियमांनी खेळून बघा.